भट्टी बंद असताना

१

आमच्या घराखालची भट्टी पेटते तेव्हा आधी खटका पडतो. मग मोटर घरघरते, ठिणगी तडतडते, आणि कोणी जाड गोधडी झटकावी तसा एक भप् असा आवाज होतो. तो आला की तेल पेटलं. जरा वेळानं पंखा सुरू होतो आणि पत्र्याच्या नळ्यांतून गरम हवा वर खोल्यांमध्ये जाते. हे सगळं मी झोपेतही ऐकतो. भप् झालं नाही तर मला जाग येते.

जानेवारीतला तो शनिवार होता. आर्व्हिलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, काकवी घातलेल्या घेवड्याचं मडकं सकाळीच ओव्हनमध्ये सरकवलं होतं. मी खिडकीशी बसून खाडीवरचा बर्फ बघत होतो. खटका पडला, मोटर घरघरली, आणि पुढं काहीच नाही. मोटरही थांबली.

"डेल्मर, भट्टीनं मान टाकली," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ऐकलं."

"ऐकलंस तर ऊठ की. का मी गेल्यावर पेटवणार आहेस?"

हे ती थट्टेत म्हणाली, पण ते थट्टेतलं नव्हतं. तिला दोन हिवाळे लागोपाठ न्यूमोनिया झाला होता. गावच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हिला गारठा बाधू देऊ नकोस. तिसऱ्यांदा निभावणार नाही." तेव्हापासून भट्टी हे माझं एकच काम होतं. बाकी कामं वयानं काढून घेतली होती.

मी तळघरात उतरलो. भट्टीवर एक लाल बटण असतं. पेटली नाही की ते वर येतं. ते एकदाच दाबायचं. लोक चिडून पुन्हा पुन्हा दाबतात, दर वेळी आत तेल साठत जातं, आणि शेवटी पेटतं तेव्हा धडाका होऊन काजळी घरभर उडते. गावात एकाच्या बायकोच्या लग्नातले पडदे असेच काळे झाले. ती माहेरी गेली ती बर्फ वितळल्यावरच आली.

मी एकदा दाबलं. नाही पेटली. मग वीज तोडून बर्नर उघडला. तेलाच्या फवाऱ्यासमोर लोखंडाच्या दोन काड्या असतात, चिनीमातीच्या नळ्यांत बसवलेल्या. त्यांच्या टोकांमध्ये गव्हाचा दाणा मावेल एवढी फट ठेवायची. त्या फटीतून ठिणगी उडते. टोकांवर काजळी साचली होती. मी काड्या बाहेर काढून फडक्यानं पुसत बसलो.

भट्टी बंद असली की आमच्या घरात वरचे आवाज नळ्यांतून खाली येतात. आर्व्हिला बोलत होती. शब्द कळत नव्हते, फक्त सूर. मधेच ती हसली. मलाही हसू आलं. रेडिओवर काहीतरी गंमत चालली असेल, असं वाटलं.

भट्टी भप् करून पेटली. मी वर आलो.

"रेडिओवर काय होतं एवढं?" मी विचारलं.

"रेडिओ?" ती मडक्यात पाणी घालत होती. "त्याचे सेल नाताळातच संपलेत. आणून देतोस का कधी?"

२

काही दिवसांनी भट्टी पुन्हा बंद पडली. काड्या जुन्याच होत्या, म्हणून मी लेलँडला फोन केला. लेलँड तेलाचा टँकर चालवतो आणि भट्टीचे सुटे भाग गाडीत ठेवतो. तो जाता जाता नव्या काड्यांची जोडी आणि एक नवं नोझल देऊन गेला.

नोझल म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी पितळेची टोपी. तिच्या भोकातून तेलाचं धुकं होतं. ती बोटानं पुसायची नाही, फुंकायचीही नाही. मी ती सावकाश बसवत होतो. माझं सगळंच सावकाश असतं. बोलणंही. आर्व्हिला म्हणते की मला प्रश्न विचारून ती कपडे धुऊन येते, तोवर उत्तर मिळतं.

वर ती बोलत होती. ती थांबली, आणि पुरुषाचा आवाज आला.

मी हातातलं नोझल तसंच धरून ठेवलं. आवाज खालच्या पट्टीतला, जरा घोगरा. तो बराच वेळ बोलला. आर्व्हिला मधून मधून "हो?" म्हणत होती, "मग?" म्हणत होती. एकदा ती इतकी हसली की तिला खोकला आला.

शेजारचं कोणी आलं असेल, मी म्हटलं. पण आमच्या दारासमोरच्या लाकडी पायऱ्या गोठल्या की बंदुकीसारख्या वाजतात, आणि त्या वाजल्या नव्हत्या. मग मला वाटलं, नळ्यांत आवाज घुमतात. तिचाच आवाज वळणावर जाड होत असेल. हे मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

मी वर आलो तेव्हा ती एकटी होती. टेबलावर कॉफीचे दोन कप होते. एक तिचा. दुसरा माझ्या खुर्चीसमोर, अर्धा प्यालेला, वाफ निघत असलेला.

"हा कोणाचा?"

"तुझाच की."

"मी खाली होतो, आर्व्हिला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कुणाचा कोट चुकून आपल्या खुंटीवर दिसावा, तसं.

"पितोस का टाकतोस?" ती म्हणाली. "थंड होतेय."

मी प्यालो. बिनदुधाची, चमचाभर काकवी घातलेली. माझीच होती.

३

लेलँड गुरुवारी तेल भरायला आला. बाहेर कडाका होता. त्यानं नळी टाकीच्या तोंडाला लावली आणि दस्ताने काखेत दाबले.

"काय रे म्हाताऱ्या," तो म्हणाला, "तुला वाचा फुटली म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"कोण कशाला, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुला काड्या देऊन मी पुढच्या घरी गेलो. परत येताना भोंगा वाजवला. तू खिडकीत आर्व्हिलासमोर बसून हातवारे करत होतास. शाळेत अख्ख्या वर्षात बोलला नसशील एवढं एका दमात बोलत होतास. मला हातसुद्धा केलास."

"मी तळघरात होतो. काड्या बसवत."

"मग तुझा जुळा भाऊ असेल." तो खो खो हसला. "ठेवून घे त्याला. तुझ्यापेक्षा बरा दिसतो. हसत होता."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. लेलँडचं हसू ओसरलं. त्यानं टाकीचा काटा बघितला, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"डेल्मर, तब्येत बरी ना? उन्हाची तिरीप असेल काचेवर. माझेही डोळे आता…" तो गाडीकडं गेला आणि एक जड खोकं घेऊन आला. "हे राहू दे तुझ्याकडं. काड्या नव्या आहेत, नोझल नवं आहे. आता बंद पडली तर ट्रान्सफॉर्मर गेला समज. त्यातूनच काड्यांना वीज मिळते. दोन स्क्रू आहेत, तुला जमेल."

तो गेल्यावर मी खिडकीत बाहेरून पाहिलं. आर्व्हिला विणत बसली होती. तिच्यासमोरची माझी खुर्ची रिकामी होती, पण खुर्चीचं तोंड खाडीकडं असायचं ते आर्व्हिलाकडं वळवलेलं होतं.

मी कधी खुर्ची तशी ठेवत नाही. मला खाडी बघायला आवडतं.

४

नव्या काड्या वर्षभर तरी टिकतात. त्या पुढच्याच शनिवारी निकामी झाल्या.

मी बर्नर उघडला. टोकं स्वच्छ होती. फट मात्र बोट मावेल एवढी झाली होती. दोन्ही काड्या एकमेकींपासून दूर वाकवलेल्या होत्या. उष्णतेनं त्या झिजतात, पण अशा वाकत नाहीत. हातानंच वाकवाव्या लागतात.

मी त्या उजेडाजवळ नेल्या. चिनीमातीच्या मागच्या बाजूला पांढरट ठसा होता. पीठ, चरबीत कालवलेलं. शनिवारी आर्व्हिला तव्यावरचे पाव करते तेव्हा तिच्या अंगठ्याला असतं तसं.

मी त्या ठशावर माझा अंगठा ठेवून पाहिला. ठसा लहान होता.

मग मी फडकं घेतलं आणि ठसा पुसला. काड्या सरळ केल्या, फट नीट लावली, भट्टी पेटवली. वर गेलो.

"काड्या वाकल्या होत्या," मी म्हटलं.

"उंदीर असतील."

"उंदीर लोखंड वाकवत नाहीत."

"मग तूच नीट बसवल्या नसशील." ती मान वर न करता विणत होती. करड्या लोकरीचे मोजे, पुरुषाच्या मापाचे.

"कोणाचे?"

"चर्चच्या बाजारासाठी. बाजारात ठेवतात ना दर वर्षी."

मला तिला विचारायचं होतं, तू तळघरात का उतरलीस? डॉक्टरनं जिना मना केलाय. त्या थंडीत, त्या छातीनं, तू कशाला खाली गेलीस? पण शब्द जमेपर्यंत ती दिवा लावायला उठली.

तेव्हा मला आणखी एक आठवलं. आमच्याकडं हिवाळ्याआधी घराच्या पायाला फर झाडाच्या फांद्या रचतात, वारा आत शिरू नये म्हणून. त्यावर बर्फ पडतो, गोठतो, आणि घर उबेला राहतं. तळघरात बाहेरून उतरायचं एक तिरकं दार आहे, ते मात्र कोणी झाकत नाही. यंदा आर्व्हिला म्हणाली होती, "तेही झाकून टाक, डेल्मर. सगळा गारठा तिथूनच येतो." मी झाकलं होतं. तिच्यासाठी कंबरेइतक्या फांद्या रचल्या होत्या. आता त्यावर बर्फाचा दगड झाला होता.

त्याचं काही नाही, मी मनाला म्हटलं. तिला थंडी वाजते, एवढंच.

५

शेवटच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. दुपार होती. तिनं केस नीट विंचरले होते.

"डेल्मर," ती म्हणाली, अगदी हळू, "भट्टी."

मी ट्रान्सफॉर्मरचं खोकं उचललं आणि खाली गेलो. पण काम सुरू केलं नाही. समुद्रातली शेवंडं पकडायच्या जुन्या पेटाऱ्यावर बसून राहिलो. हात मांडीवर, कान वर.

आधी खुर्ची सरकली. मग तो बोलू लागला.

माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकू येत नाही, म्हणून मला वेळ लागला. पण गावातल्या समारंभाचं लेलँडनं एकदा ध्वनिमुद्रण केलं होतं, त्यात मी दोन शब्द बोललो होतो. तोच घोगरेपणा. तेच शब्दाच्या आधी घसा साफ करणं. फक्त हा अडखळत नव्हता.

तो लॉटीबद्दल बोलत होता.

लॉटी आमची मुलगी. फेब्रुवारीत झाली आणि फेब्रुवारीतच गेली. त्या दिवसांत इथली जमीन इतकी गोठलेली असते की कबर खणता येत नाही. हिवाळ्यात गेलेल्यांना दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात आणि वसंतात मातीत देतात. तिची पेटी मी केली होती. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं कोणाला ठाऊक नाही. मी रोज लाकडं तोडून परतताना त्या खोलीच्या दाराशी थांबायचो. एक दिवस चावी सांभाळणाऱ्याला विनवून आत गेलो, आणि माझा कोट काढून तिच्या पेटीवर पांघरला. घरी आर्व्हिलाला सांगितलं, कोट जंगलात हरवला. तिनं मला वेंधळा म्हटलं. मी तो उरलेला हिवाळा स्वेटरवर काढला.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्यापाशी तेवढंच होतं.

तो ते सांगत होता. दाराचं थंड लोखंडी कडं, पेटीच्या फळीतली गाठ, कोटाची दुमडलेली बाही. काहीच सोडलं नाही. मला जे शब्द उभ्या आयुष्यात सापडले नाहीत ते त्याला एकेक करून सापडत होते.

आर्व्हिला रडायला लागली. मी तिचं रडणं ओळखतो. हे तसं नव्हतं. फार दिवस उभं राहिलेलं माणूस खाली बसावं, तसं होतं.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "मला वाटत होतं, तुला काही वाटलंच नाही."

"वाटलं होतं ना," तो म्हणाला. "बोलता येत नव्हतं, आर्व्हिला. आता येतं."

मी उठलो. बैठकीच्या खोलीच्या फरशीत गरम हवेची लोखंडी जाळी आहे. तिच्याखाली नळीचं कोपर बसवलेलं असतं. मी त्याचे स्क्रू सोडवले आणि पत्रा हळूच बाजूला केला. आवाज होऊ दिला नाही. वर उजेडाचे चौकोन दिसले.

आधी तिच्या झग्याची कड दिसली. तिच्या समोर, अगदी जवळ, दोन पावलं. करडे नवे मोजे. डावं पाऊल किंचित आत वळलेलं. माझं तसं आहे, झाड अंगावर पडलं होतं तेव्हापासून.

मी पाहत असताना ते पाऊल थांबलं. मग मोज्यातली बोटं हळूहळू आकसली आणि जाळीवर घट्ट टेकली, उजेडाचे दोन चौकोन झाकत. खाली कोण आहे ते त्याला ठाऊक होतं.

६

मी जिना चढलो. तळघराच्या दाराला स्वयंपाकघराच्या बाजूनं कडी आहे. मांजर खाली जाऊ नये म्हणून मीच लावली होती. मांजर मेल्यापासून ती कोणी घातली नव्हती.

ती घातलेली होती.

"आर्व्हिला," मी हाक मारली.

पावलं आली. हलकी, तिची. दाराच्या पलीकडं थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता, त्यातली ती बारीक शिट्टी. डॉक्टर जिला घाबरतो ती.

"आर्व्हिला, दार उघड."

तिनं हात दारावर ठेवला असावा. लाकूड इवलंसं कुरकुरलं. मीही माझा हात तिथंच ठेवला.

"मी आहे ग," मी म्हटलं. "डेल्मर."

आतून, बैठकीच्या खोलीतून, माझा आवाज आला. "कोणाशी बोलतेस?"

मी वाट पाहिली. तिला फक्त एक शब्द बोलायचा होता. एवढ्या वर्षांत मी तिच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं.

"कोणाशी नाही," आर्व्हिला म्हणाली. "नळीत वारा आहे."

आणि पावलं परत गेली.

७

मी बाहेरच्या तिरक्या दाराला खांदा लावून पाहिला. ते जागचं हललं नाही. मग पायऱ्यांवर बसलो. मला राग यायला हवा होता. तळघरात कुऱ्हाड होती, मोठी पकड होती. वरचं दार पातळ आहे, मला ठाऊक आहे, मीच केलंय. दार फोडून वर गेलो असतो तर काय दिसलं असतं, तेही मी मनात शेवटपर्यंत नेऊन पाहिलं. आर्व्हिला मधे उभी राहिली असती. पाठ त्याच्याकडं करून, तोंड माझ्याकडं.

ते मला बघायचं नव्हतं.

नळीच्या तोंडातून थंडी खाली येत होती. वर घर निवत चाललं होतं. ती बोलत होती, तो बोलत होता, आणि तिला खोकला आला. एकदा. मग पुन्हा, खोलवरून.

भट्टी बंद होती तोवर मला सगळं ऐकू येत होतं. तिचा प्रत्येक शब्द, खुर्चीची करकर, सुया. पेटवली की पंखा सुरू होणार आणि त्या घरघरीत काहीच ऐकू येणार नाही. मी बसून राहिलो. आणखी थोडं, म्हटलं. आणखी थोडं ऐकू.

ती तिसऱ्यांदा खोकली आणि म्हणाली, "हात गार पडलेत माझे."

"पेटवेल तो," माझा आवाज म्हणाला. शांतपणे. त्याला खात्री होती.

मी खोकं उघडलं. जुना ट्रान्सफॉर्मर काढला, नवा बसवला. दोन स्क्रू. काड्यांची फट पुन्हा तपासली, नळीचं कोपर जागेवर लावलं, स्क्रू घट्ट केले. घाई केली नाही. घाईत केलेलं काम आठवडाभरात उलटतं, आणि तिला आठवडाभर नाही, अख्खा हिवाळा काढायचा होता.

लाल बटण एकदा दाबलं.

भप्.

जरा वेळानं पंखा लागला. मी पत्र्यावर हात ठेवला. तो कोमट झाला, मग गरम. ती ऊब नळ्यांतून वर तिच्याकडं निघाली होती.

तेव्हापासून मी भट्टीपाशीच असतो. लेलँड गुरुवारी येऊन तेल भरतो. वर दारात कोणीतरी त्याच्याशी गप्पा मारतं, आणि लेलँड हसत हसत निघून जातो. मी हाक मारली होती. एकदा.

घर पुरेसं तापलं की भट्टी आपोआप विझते आणि पंखा थांबतो. मग गारठा चढेपर्यंत थोडा वेळ मिळतो. त्या वेळात मी ऐकतो. आर्व्हिलाचा खोकला पुष्कळ कमी झालाय. कधी कधी ती डेल्मर म्हणून हाक मारते. मी तोंड उघडतो.

ओ तो देतो.